सुरतनी गाडी

नंदुरबारच्या फलाटावर डोक्यावर गाठोडं घेतलेली आजी शेजारच्याला विचारते, ‘सुरतनी गाडी गयी का?’ तीच गाडी पुढे सुरतेलगतच्या उधन्याला लागते, तेव्हा तिथला हमाल दुसऱ्या हमालाला विचारत असतो, ‘सुरतनी गाडी गई के?’ पहिलं वाक्य अहिराणी, दुसरं गुजराती. मधल्या दीडशे किलोमीटरमध्ये राज्य बदललं, लिपी बदलली, दारूचा कायदा बदलला. वाक्य मात्र जवळपास तेच राहिलं. उपरा वाटतो तो ‘सुरतची गाडी’ म्हणणारा पुण्या-मुंबईचा मराठी माणूस.

अहिराणीत षष्ठीला ‘ना, नी’ लागतं. मराठीतला ‘गावचा मुलगा’ अहिराणीत ‘गावना पोऱ्या’ होतो आणि गुजरातीत ‘गामनो छोकरो’. ‘आहे’ला अहिराणी ‘शे’ म्हणते, गुजराती ‘छे’. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशीला मराठीच्या खंडात न घालता १९०७ साली निघालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं, त्याचं कारण ही अशी रूपंच. तेव्हा खान्देशातला माणूस सुरतेला जातो तो भाषेने अर्धा ओळखीच्या गावाला जातो. तरी तो तिथे परका कसा ठरतो, कधी ठरतो, आणि तीन पिढ्यांनंतरही कुठल्या कुठल्या बारीक गोष्टींत ठरत राहतो, हे एकदा नीट मांडून बघावंसं वाटलं.

उधना म्हणताना नुसतं स्टेशन धरून चालत नाही. उधना दरवाजापासून तीन रस्त्यापर्यंतचा पट्टा, रुळांपलीकडचं लिंबायत, नवागाम-डिंडोली, गोडादरा, इकडे पांडेसरा आणि भेस्तान, असा हा सगळा सुरतेच्या दक्षिण अंगाचा कामगारांचा मुलूख आहे. इथल्या कित्येक गल्ल्यांत दुपारी दोनला चालत गेलं, तर शिरपूर की शहादा असा भास व्हावा. ओट्यावर बसलेल्या बाया, दारात वाळत घातलेले बिबडे, आतून येणारा ठेच्याचा ठसका. पुढच्या गल्लीत उडिया, त्यापुढच्या गल्लीत भोजपुरी. गुजराती ऐकू येते ती दुकानाच्या गल्ल्यावर.

आधी परक्याला काय म्हणायचं, या शब्दाचा घोळ. इंग्रज माणूस वॉर्सात राहून इंग्रजी शिकवायला लागला, की तो स्वतःला ‘एक्सपॅट’ म्हणवतो. पोलिश सुतार लंडनला गेला, की त्याला ‘इमिग्रंट’ म्हणतात. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आला आणि काही वर्षांतच इतके पोलिश लोक तिकडे गेले की, २०११च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश भाषा निघाली. दोघंही परक्या देशात राहणारे, पण एकाच्या वाट्याला रुबाबाचा शब्द आला, दुसऱ्याच्या वाट्याला तक्रारीचा. ब्रेक्झिटनंतर पोलंडमधल्या इंग्रजांनाही वास्तव्याच्या कागदासाठी रांगेत उभं राहावं लागलं, एवढाच काय तो न्याय.

आपल्याकडे याची अगदी घरगुती आवृत्ती आहे. न्यू जर्सीतला मराठी माणूस ‘परदेशस्थ’, वडोदऱ्यातला ‘बृहन्महाराष्ट्रीय’, आणि उधन्यातला? तो ‘पोट भराले सुरतले गया’. वडोदऱ्याची मराठी माणसं गायकवाडांच्या गादीबरोबर आली. त्यांनी वाडे बांधले, ग्रंथालयं आणि गाण्याच्या मैफली चालवल्या, संमेलनं भरवली. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा ही नावं घेतली की मराठी साहित्याला आपली दूरची, पण खानदानी नातलग मंडळी आठवतात. उधन्याचं नाव त्या यादीत मी कधी वाचलेलं नाही. वास्तविक त्याच गायकवाडांचं पहिलं ठाणं सोनगढ, उधना-जळगाव मार्गावरच आहे. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९च्या सुमारास ते घेतलं. आज त्या स्टेशनावरून खान्देशचे कामगार भरलेल्या डब्यातून जातात आणि तो डोंगरी किल्ला कुणाचा, हे विचारायला कुणाला सवड नसते. मराठीपणाचा हिशोब आपण माणसं मोजून करतो की वाडे मोजून, हा प्रश्न उधन्यात उभं राहिलं की टाळता येत नाही.

वाट जुनीच आहे. मोगलांच्या काळी सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातूनच जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकात या रस्त्याने गेला, तेव्हा नवापूर त्याला विणकरांनी भरलेलं मोठं खेडं दिसलं. तिथल्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. सुरतेच्या एका वेशीचं नावच बुऱ्हाणपूर दरवाजा. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली, तेव्हा त्यांचा तळ याच दरवाजाबाहेरच्या बागेत पडला होता. शाळेत आपण ‘सुरतेवर स्वारी’ असा धडा वाचतो. त्याच घटनेला सुरतेच्या बाजूने काय म्हणत असतील, याचा विचार उधन्यात लहानाचा मोठा झालेल्या मराठी मुलाला आपोआप करावा लागतो, आणि आपल्याला कधीच करावा लागत नाही.

मग रेल्वे आली. तापी व्हॅली रेल्वे नावाच्या खासगी कंपनीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत ते अमळनेर अशी वाट टाकली आणि कपाशीचा खान्देश थेट सुरतेला जोडला गेला. १९४२ साली सरकारने ती कंपनी विकत घेतली. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९०६ मध्ये गिरणी काढली होती. साने गुरुजी प्रताप हायस्कूलचे शिक्षक होते आणि त्या गिरणीच्या कामगारांत मिसळलेले होते. धुळ्याला, चाळीसगावलाही गिरण्या होत्या. म्हणजे एके काळी खान्देशात कापूस पिके, तिथेच त्याचं सूत निघे आणि तिथेच कापड होई. पुढे एकेक करून त्या गिरण्या बंद पडल्या. कापसाला बाहेरची वाट दाखवायला टाकलेली रेल्वे हळूहळू माणसांना बाहेर न्यायला लागली.

१ मे १९६० रोजी द्वैभाषिक राज्य फुटलं. आपण तो महाराष्ट्र दिन म्हणून साजरा करतो, पलीकडे तो गुजरात स्थापना दिन. पश्चिम खान्देशातली निझर, उच्छलकडची गावं गुजरातला गेली. नवापूरचं स्टेशन मात्र सीमेवर असं पडलं की, फलाटाचा एक भाग नंदुरबार जिल्ह्यात, दुसरा आज तापी जिल्ह्यात. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशन मास्तरला भेटायला गुजरातेत जायचं. बाकावर बसलेल्या नवरा-बायकोची दोन राज्यं झालेली फोटोत दिसतात. गावकऱ्यांना त्यात काही गंमत वाटत नाही. फोटो काढतात ते बाहेरून आलेले.

खान्देशची माणसं सुरतेकडे आली ती एका लाटेत नाही. सर्वांत आधी आणि अजूनही येतात ते ऊसतोडे. बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांना स्थानिक मजूर जवळ असताना खान्देशातून टोळ्या का आणाव्या लागतात, याचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात केला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ हे माप, गावात जाऊन उचल देणारा मुकादम, उघड्यावरची पालं. बाहेरचा मजूर रात्री-अपरात्री हाक मारली तरी येतो आणि हंगाम संपला की निघून जातो, हे कारखान्यांना सोयीचं, असा त्याचा निष्कर्ष. आपण मराठवाड्यातल्या ऊसतोड्यांविषयी खूप लिहिलं आहे. पण नंदुरबार, साक्री, नवापूरकडच्या आदिवासी कोयत्याची दिशा पश्चिमेकडे आहे, हे पुण्यातून दिसत नाही.

दुसरी लाट १९७२च्या दुष्काळानंतरची. त्याच सुमाराला सुरतेत रेशीम-जरीच्या जागी नायलॉन-पॉलिएस्टरच्या यंत्रमागांचा खडखडाट वाढत चालला होता. १९५१ साली सव्वादोन लाख वस्तीचं हे शहर २००१ मध्ये चोवीस लाखांवर आणि २०११ मध्ये सुमारे पंचेचाळीस लाखांवर गेलं. हद्दवाढ त्यात आहेच, पण इतकी माणसं पाळण्यातून येत नाहीत, गाडीतून येतात.

यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत ‘खातं’ म्हणतात. नवख्या मराठी माणसाला आधी बँकेचं खातं आठवतं. ‘तू कोणत्या खात्यात?’ असं विचारल्यावर त्याने बँकेचं नाव सांगावं आणि सगळ्यांनी हसावं, हा उधन्यातला जुना विनोद आहे. खात्यात दिवसपाळी आणि रातपाळी, दोन्ही बारा-बारा तासांच्या. मजुरी मीटरवर. जितकं कापड निघेल तितके पैसे. तार तुटली, वीज गेली, बोबीन संपलं, की मीटर थांबतो आणि मजुरीही थांबते. आवाज इतका की माणसं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. घरी आल्यावरही त्यांचा आवाज चढलेलाच राहतो. ‘आमना बाप भांडत नई, बोलस,’ असं एका पोराने मला समजावून सांगितलं होतं.

मागावर आता खान्देशीपेक्षा गंजामकडचे उडिया कामगार जास्त दिसतात. खान्देशची मंडळी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, मार्केटातल्या पार्सलच्या कामात, बांधकामावर, रिक्षावर, भाजीच्या गाडीवर पसरली आहेत. दुसऱ्या पिढीतले काही जण चार माग भाड्याने घेऊन स्वतः शेठ झाले. ‘शेठ’ शब्दाला इथे जातीचा वास नाही, ज्याच्या हातात पगार तो शेठ. तेव्हा मराठी शेठकडे उडिया कारागीर आणि गुजराती मालकाची जागा, असंही चित्र असतं.

बायकांचं काम कुठल्या मोजणीत येत असेल, देव जाणे. घरी बसून साडीवर एकेक खडा चिकटवायचा, लेस शिवायची, भरतकामामागचे सुटे धागे कापायचे. मजुरी साडीमागे. दुपारची जेवणं आटोपली की ओट्यावर साड्यांचे ढीग येतात. शाळेतून आलेल्या मुलीही हात लावतात. महाराष्ट्रातल्या दुकानात लग्नाच्या बस्त्यासाठी जी ‘सुरती साडी’ उलगडली जाते, तिच्यावरचे खडे कदाचित सिंदखेड्याच्या लेकीने डिंडोलीत लावलेले असतात. ती साडी परत सिंदखेड्याला विकायला जाते, तेव्हा तिच्यावर वाहतुकीचा आणि व्यापाऱ्याचा भाव चढलेला असतो.

रोजच्या परकेपणाची बाब मोठ्या प्रसंगांत शोधायची नसते. ती किराण्याच्या दुकानात सापडते. तिथे बाई गुजरातीत बोलते, पण लिंग मराठीचं ठेवते. दुकानदाराला क्षणात कळतं. तो हिंदीवर येतो. हे हिंदीवर येणं सौजन्याचंच असतं, पण त्याने ती बाई एक पायरी खाली उतरते. तीस वर्षं त्याच दुकानातून तेल घेणाऱ्या बाईला दुकानदार हिंदीत का उत्तर देतो, हे विचारलं तर तो म्हणेल, तिला सोपं पडावं म्हणून. दक्षिण गुजरातेत ‘मासी’ म्हणजे मावशीच, ‘काका’ म्हणजे काकाच. नात्यांचे शब्द इतके सारखे आहेत की कुणी तुम्हाला ‘मासी’ म्हणालं तर ते आपलेपण आहे की नुसती पद्धत, हे ओळखायला वर्षं लागतात.

आडनावाची आणखी एक गंमत. पटेल आणि पाटील हे एकाच मुळाचे शब्द. गुजरातेत पहिला बहुधा मालकाच्या बाजूला असतो, दुसरा मजुराच्या. कागदावर कारकुनाच्या हातून ‘पाटील’चं ‘पटेल’ होणं ही नेहमीची गोष्ट. एका ओळखीच्या घरात थोरला भाऊ पाटील आणि धाकटा पटेल, दोघांची आई एकच. दुरुस्तीसाठी धाकट्याने हेलपाटे घातले आणि शेवटी सोडून दिलं. म्हणाला, काय बिघडलं, भाव वाढला.

जेवणात मात्र सरमिसळ सुखाची आहे. हिवाळ्यात सुरतेला पोंकाचे ठेले लागतात. भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, लिंबू-मिऱ्याची शेव. खान्देशी माणूस त्याला ओळखतो, कारण तो हुरडा आहे. गावी शेताच्या बांधावर फुकट खाल्लेला हुरडा इथे किलोच्या भावात घ्यायचा, एवढंच. घारी, लोचो, खमण यांची सवय पोरांना लागते. भरीत मात्र घरचंच लागतं, शेवभाजी तिखटच लागते आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ गावाहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत असतं. त्या पिशवीत नसते ती दारू. कोंडाईबारी घाट उतरून, नवापूर ओलांडून आलेल्या माणसाला गुजरातच्या दारूबंदीची आठवण ठेवावीच लागते. न ठेवणाऱ्यांच्या गोष्टी पोलीस चौकीत ऐकायला मिळतात.

शाळेच्या प्रश्नापाशी मात्र थांबायलाच हवं, कारण या सगळ्या आढाव्यात मला काळजी वाटते ती इथे. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांच्या आहेत: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. असं उदाहरण मुंबई सोडली तर सहज सापडायचं नाही, आणि त्याचं श्रेय सुरतेला दिलंच पाहिजे. गुजरातचं पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमाची पुस्तकं छापतं. म्हणजे उधन्यातल्या मराठी शाळेतला मुलगा मराठीतूनच शिकतो, पण इतिहास-भूगोल गुजरातचा. हे योग्यच आहे. जिथे राहायचं तिथला भूगोल कळायला हवा. २०२३ साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची केली. महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठी सक्तीची केली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मग हाही कायदा समजून घ्यावा लागतो.

अडचण कायद्यात नाही, आई-बापांच्या हिशोबात आहे. मराठी माध्यमात घातलेल्या मुलाची कॉलेजच्या दारात भाषा बदलते, आणि नोकरीच्या दारात पुन्हा एकदा. म्हणून ज्याला परवडतं तो पहिल्यापासून गुजराती किंवा इंग्रजी घेतो. मराठी शाळेत राहतात ते नुकतेच गावाहून आलेल्यांची मुलं. आणि या सगळ्यात अहिराणी कुठेच नाही. जनगणनेत खान्देशी ही भाषा वेगळी नोंदवली जाते आणि २०११ला तिचे साडेअठरा लाखांच्या आसपास भाषक मोजले गेले. गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे त्याच जनगणनेत नऊ लाखांच्या घरात होते. पण उधन्यातल्या घरात आजी अहिराणी बोलते, आई अहिराणीत सुरुवात करून हिंदीत संपवते, मुलगा शाळेत गुजराती आणि गल्लीत हिंदी बोलतो. प्रमाण मराठी त्याच्यासाठी चौथी भाषा, ती ऐकू येते टीव्हीवरच्या मालिकेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पण या घरात त्याने काही हललं नाही. तिथे हरवत चाललेली भाषा वेगळीच होती आणि तिला मराठीवाले मराठी मानत नाहीत, गुजरातीवाले गुजराती. अहिराणी गाणी आज मोबाइलवर लाखोंनी ऐकली जातात, लग्नाच्या डीजेवर तर दुसरं काही वाजतच नाही. पण नाचता येणारी भाषा बोलता येईलच असं नाही.

कागदांविषयी थोडक्यात, पण ठामपणे. देशातल्या देशात गेलेल्या माणसाला पारपत्र लागत नाही हे खरं. जातीचा दाखला मात्र सीमेवर थांबतो. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला, तर त्याला नव्या राज्यात ते लाभ मिळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या मारी चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं आणि नंतरही तेच कायम राहिलं. तळोद्याच्या भिल्ल कुटुंबातला मुलगा पांडेसऱ्यात जन्मला, वाढला, दहावी झाला. भिल्ल गुजरातेतही अनुसूचित यादीत आहेत. तरी त्याचा दाखला बापाच्या मूळ राज्याचा. त्याच्या आजोबांच्या काळी ही सीमाच नव्हती, हे सांगून उपयोग नसतो. इंग्रजाला पोलंडमध्ये वास्तव्याचं कार्ड मिळतं आणि प्रश्न संपतो. या मुलाचा प्रश्न कार्डांनी सुरू होतो. वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांना या दाखल्याची फारशी गरज पडली नाही, म्हणून बृहन्महाराष्ट्राच्या ठरावांत हा विषय येत नसावा, असं माझं मत. ते कडू लागलं तर लागो.

संकटं आली की कोण कुठला हे पुन्हा उघडं पडतं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला. त्याचा जोर वेड रोडकडच्या कामगार वस्त्यांत होता आणि महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं त्यात पुष्कळ होती. पन्नासच्या वर माणसं गेली, पण पळाली ती लाखांनी. गाड्या छतासकट भरल्या. ज्यांनी सुरतेला ‘आपलं’ म्हणायला नुकती सुरुवात केली होती, ती माणसं रात्रीत पुन्हा सिंदखेड्याची, पारोळ्याची झाली. आणि गावानेही त्यांना मिठी मारली नाही, दोन हात लांब उभं केलं. पुढल्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडूनपुसून असं बदललं की सुरतेचं नाव स्वच्छ शहरांत जाऊन बसलं. त्या झाडणाऱ्या हातांत खान्देशी हात किती होते, ते कुणी मोजलं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि सुरत बुडाली. २०२०च्या टाळेबंदीत तर सुरत-धुळे महामार्गावर आणि रुळांच्या कडेने चालणाऱ्या माणसांची रांगच लागली. विसरवाडीच्या पुढे घाट चढताना ज्यांनी पोरं खांद्यावर घेतली होती, त्यांच्यातले बहुतेक दिवाळीच्या आत परत खात्यावर होते.

आता कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक, नथ, दागिने घालून चौरंगावर तिची स्थापना करायची, भाऊबंदांनी एकत्र येऊन ‘रोट’ करायचे. घरातल्या माणसांच्या हिशोबाने गहू मोजून घ्यायचे, ते त्याच कुळाने खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. रात्रभर गाणी, फुगड्या. सोमवारी विसर्जन. सुरतेत गणपती दणक्यात बसतात, त्यात मराठी मंडळींचा वाटा जुना आहे, पण गणपती आता सगळ्यांचा झाला. कानबाई उधना-लिंबायतची स्वतःची राहिली. त्या सोमवारी रस्त्यारस्त्यावरून डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायांच्या मिरवणुका पाण्याकडे निघतात आणि वाहतूक थांबलेला गुजराती माणूस शेजारच्याला विचारतो, आज काय आहे? शेजारचा सांगतो, मराठी लोकांची माताजी.

रोटाच्या मोजणीचा प्रश्न फार गमतीदार आहे. भाऊबंद अर्धे गावी, अर्धे सुरतेत. कानबाई कुठे बसवायची? जुनी पद्धत, थोरल्याच्या घरी. थोरला सुरतेत आला, तर देवीही आली. काही घरांत वर्षाआड ठरवलं आहे, एकदा गावी, एकदा इथे. काही घरांत यावरून बोलणं बंद झालं आहे. देवी ज्या नदीत जायची ती मात्र तीच. भुसावळ, शिरपूर, प्रकाशा करत आलेली तापी सुरतेला समुद्राला मिळते. खान्देशी बाईला हे पाणी परकं वाटायचं कारण नाही, ते तिच्याआधी निघून आलेलं आहे.

राजकारणात तर खान्देश आज सुरतेचा नातलग नाही, घरमालक झाला आहे, असं म्हणणारे भेटतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील सुरतेत पोलीस शिपाई म्हणून लागले, पुढे राजकारणात आले, २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत. २०२० मध्ये ते गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री. उधना आणि लिंबायत हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ त्यांच्या लोकसभा मतदारसंघात येतात. लिंबायतमधून २०१२ पासून सतत संगीता पाटील निवडून येतात. मराठी आडनावाला गुजरातेत इतकी मतं पडतात, हे मुंबईत भाषेवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. पण माणूस निवडून आला म्हणजे वस्तीचा प्रश्न सभागृहात पोहोचला, असं नसतं. बारा तासांची पाळी, दाखला, मराठी शाळेतली गळती, यांतलं काहीही आडनावाने सुटलेलं नाही. खान्देशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मात्र उमेदवारांच्या जीपगाड्या उधन्याला येतात आणि मतदारांना रातोरात गावी नेतात. तेवढ्यापुरती गावाला त्यांची आठवण पक्की असते.

गावचं घर बहुतेकांनी ठेवलं आहे. कुलूप लावून, पत्रे बदलून, शेजाऱ्याकडे किल्ली देऊन. ‘म्हातारपणी जाऊ’ असं चाळिशीत म्हणणारे साठीत म्हणतात, ‘नातवंडं इथं शेत.’ जमीन वाट्याने लावलेली असते, तिचे पैसे येतात की नाही यावर भावाशी किती बोलायचं ते ठरतं. सोयरीक अजून बहुधा खान्देशातच होते. ‘पोरगा सुरतले शे’ हे वाक्य स्थळ सांगताना एके काळी वजनदार होतं. आता मुलीकडचे पुढे विचारतात: खातं स्वतःचं का भाड्याचं, घर स्वतःचं का खोली?

आणि आखाजी. अक्षय्य तृतीयेला खान्देशची प्रत्येक लेक माहेरी येते, झोके बांधते, गौराईची गाणी म्हणते. पूर्वी या दिवसांत उधन्याहून सुटणाऱ्या गाड्या लेकीबाळींनी भरायच्या, सगळ्या गावाकडे निघालेल्या. अजून भरतात. पण मागच्या काही वर्षांत उलट दिशेची गाडीही भरायला लागली आहे. उधन्यात जन्मलेली, डिंडोलीच्या शाळेत शिकलेली आणि दोंडाईच्याला, अमळनेरला दिलेली मुलगी आखाजीला निघते ती इकडे. नवऱ्याच्या गावच्या फलाटावर पोर कडेवर घेऊन ती उभी असते, पिशवीत सासूने दिलेले बिबडे असतात, आणि शेजारच्याला विचारते, ‘सुरतनी गाडी गयी का?’